छपराखालचा फुटबॉल आणि प्रेकी

श्रोते हो, इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु खेळांनाहि इतिहास असतो, आणि राजघराण्यांप्रमाणें खेळांतहि थोरली पाती आणि धाकटी पाती असते. ज्या धाकट्या पातीला थोरलीनें कधीं पंक्तीला बसूं दिलें नाहीं, तिच्यांत घडलेल्या एका मनुष्याची हकीकत आज सांगावयाची आहे. त्याचें नांव प्रेद्राग रादोसावल्येविच. क्रीडाजगताला तो ‘प्रेकी’ या लहानशा नांवानेंच ठाऊक आहे.

प्रथम त्या खेळाविषयीं थोडें सांगतों. ११ फेब्रुवारी १९७४ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मॉस्कोहून आलेल्या लष्करी संघाचा आणि स्थानिक संघाचा फुटबॉलचा सामना झाला. तो मोकळ्या मैदानावर न होतां बर्फावरील हॉकीसाठीं बांधलेल्या ‘स्पेक्ट्रम’ नांवाच्या बंदिस्त वास्तूंत झाला. पाहुण्यांनीं तो ६-३ असा जिंकला. पण व्यवहारी माणसांची नजर गोलांवर नव्हती, ती ११,७९० प्रेक्षकांवर होती. याच अनुभवावरून पुढें अर्ल फोरमन व एड टेपर यांनीं ‘मेजर इनडोअर सॉकर लीग’ ही संस्था उभी केली.

या खेळांत गोलरक्षकासह एका बाजूस सहाच गडी. मैदान सुमारें २०० फूट लांब व ८५ फूट रुंद. त्याच्या कडेनें फळ्यांचें कुंपण. फळीवर आपटून परत आलेला चेंडू खेळांतच राहतो. आपल्या घरोघरच्या कॅरमवर स्ट्रायकर कडेवर आपटून सोंगटी भोकांत घालतात, तोच हिशेब येथें धांवत्या पायांनीं करावा लागतो. पंधरा पंधरा मिनिटांचे चार डाव, गडी हवे तितके वेळां बदलण्याची मुभा, आणि आगळिकीबद्दल खेळाडूस दोन मिनिटें बाहेर बसण्याची शिक्षा. त्यांत रंगीबेरंगी दिवे, धूर आणि कर्कश संगीत यांची जोड. मोकळ्या मैदानावरील जाणत्यांनीं ‘हा खेळ नव्हे, तमाशा आहे’ असा निकाल देऊन टाकला. तरी १९८४ च्या हंगामानंतर अमेरिकेंतील मैदानी लीग बंद पडली, आणि पोटासाठीं फुटबॉल खेळणाऱ्यांना तेथें मुख्य आश्रय उरला तो या छपराखालच्या खेळाचाच.

प्रेकीचा जन्म २४ जून १९६३ रोजीं बेलग्रेड येथें झाला. तेथील ‘रेड स्टार’ या नामांकित संघांत तो होता. युगोस्लाव्हियांत लहान अंगणांत व सभागृहांत चार-पांच गड्यांनीं फुटबॉल खेळण्याची जुनी परंपरा होती. अशाच एका स्पर्धेंत टकोमा स्टार्स संघाचा प्रशिक्षक बॉब मॅकनॅब यानें त्याला पाहिलें, आणि १९८५ सालीं तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील टकोमा शहरीं आला. त्याच संघांत लवकरच स्टीव्ह झुंगुल आला. तोहि युगोस्लाव्हियाचाच, आणि बंदिस्त फुटबॉलचा अनभिषिक्त राजा मानला गेलेला.

जून १९८७ मध्यें टकोमा व डॅलस यांची अंतिम झुंज सातव्या सामन्यापर्यंत गेली. तो निर्णायक सामना पाहण्यास २१,७२८ लोक जमले होते. टकोमाजवळ ३-१ अशी आघाडी होती. ती हातची गेली, आणि जादा वेळांत डॅलसनें ४-३ असा विजय मिळविला. १९८९ सालीं प्रेकी लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला खरा, पण टकोमाला अजिंक्यपद लाभलें नाहीं. १९९२ सालीं ती लीगच मोडली. आणि त्याच सुमारास त्याची जन्मभूमीहि मोडत होती.

आतां खरी कसोटी आली. इंग्लंडांतील एव्हर्टन संघानें त्याला घेतलें. परंतु तेथें त्याला कायमची जागा मिळाली नाहीं, आणि पुढें तो पोर्टस्मथकडे गेला. टीकाकारांना वाटलें, आपलें भाकीत खरें झालें. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. मोठ्या मैदानावर शंभर यार्डांचा पल्ला सांभाळावा लागतो, जागा राखावी लागते. सहा गड्यांच्या खेळांत त्याची संवय होत नाहीं.

पण १९९६ सालीं अमेरिकेंत ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली आणि प्रेकी कॅन्सस सिटीच्या संघांत दाखल झाला. त्याचा एक डाव सर्वांस ठाऊक होता. डावा पाय उचलून फटका मारण्याची हूल द्यावयाची, प्रतिपक्षी गडी आडवा आला कीं चेंडू आंत ओढून त्याला चकवावयाचें. कबड्डीच्या चढाईंतली हुलकावणी पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. ही हूल पुढें येणार हें ठाऊक असूनहि लोक फसत. कारण कुंपणांतल्या गर्दींत पावलाइतक्या जागेंत क्षणार्धांत निर्णय करण्याचें शिक्षण त्याला सात वर्षें मिळालें होतें. १९९७ सालीं तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २००० सालीं त्याच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. २००३ सालीं पुन्हां तोच मान त्याला मिळाला, तेव्हां त्याचें वय चाळीस होतें!

१९९६ सालींच तो अमेरिकेचा नागरिक झाला. १० फेब्रुवारी १९९८ रोजीं लॉस एंजेलिस येथें त्याच्या डाव्या पायाच्या एकमेव गोलानें अमेरिकेनें ब्राझीलवर आपला पहिला विजय मिळविला. त्याच वर्षींच्या विश्वचषकांत अमेरिकेच्या गटांत युगोस्लाव्हिया होता. ज्या देशांत जन्मला, त्याच्याच विरुद्ध पक्षांत त्याचें नांव होतें. देशांतर केलेल्या मनुष्याच्या मनांत तेव्हां काय चाललें असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

२००५ सालीं त्यानें खेळणें थांबविलें, आणि तो शिकविणाऱ्यांच्या बाजूस आला. चांगला विद्यार्थी चांगला शिक्षक होतोच असें नाहीं, हें शाळेंत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास सांगावें लागत नाहीं. ज्याला विद्या सहज साधली, त्याला ती न साधणाऱ्याची अडचणच पुष्कळदां दिसत नाहीं. प्रेकी प्रथम ‘चिवास यू. एस. ए.’ संघांत बॉब ब्रॅडली यांचा साहाय्यक झाला. या संघानें २००५ च्या पहिल्या हंगामांत अवघे चार सामने जिंकले होते. २००७ सालीं तो प्रमुख झाला, आणि त्याच वर्षीं संघ पश्चिम विभागांत पहिला आला. सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान त्याला मिळाला. पुढच्या फेरींत मात्र त्याला हरविलें तें त्याच्याच जुन्या कॅन्सस सिटीनें.

२०१० सालीं तो टोरोंटोचा प्रशिक्षक झाला आणि सप्टेंबरांतच त्याला निरोप देण्यांत आला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या फुटबॉल-सन्मान-मंदिरांत त्याचें नांव कोरलें गेलें. एकाच वर्षीं खेळाडूचा गौरव आणि गुरूची हकालपट्टी! दुसरा असता तर गौरवावर समाधान मानून घरीं बसला असता. प्रेकी खालच्या पायरीवरच्या लीगमध्यें उतरला, आणि २०१४ सालीं सॅक्रामेंटोच्या नव्या संघाला पहिल्याच हंगामांत अजिंक्यपद मिळवून दिलें.

पुढें तो सिॲटल साउंडर्स संघांत साहाय्यक प्रशिक्षक झाला. प्रमुखपद भूषविलेल्या मनुष्यानें पुन्हां दुसऱ्याच्या हाताखालीं काम करणें सोपें नसतें. २०१९ सालीं त्या संघानें लीग जिंकली, आणि २०२२ सालीं त्या खंडांतील विजेत्या संघांची स्पर्धाहि जिंकली. सिॲटलपासून टकोमा फार दूर नाहीं. ज्या शहरांत बावीस वर्षांचा परका तरुण फळ्यांच्या कुंपणांत खेळावयास आला होता, त्याच्या शेजारींच हें सारें घडलें.

या हकीकतींतून कुंपणांतला खेळ थोर ठरतो असा माझा दावा नाहीं. त्यांत उणें होतें, आणि इंग्लंडांत तें दिसूनहि आलें. परंतु विद्या कोठें मिळाली एवढ्यावरूनच तिची किंमत करणाऱ्यांनीं घाई केली होती, इतकें मात्र प्रेकीच्या कारकीर्दीवरून निश्चितपणें म्हणतां येतें. आपल्याकडेहि गल्लींत, चाळीच्या चौकांत, शाळेच्या आखूड आवारांत मुलें खेळत असतात. त्यांच्याकडे पाहतांना ही हकीकत ध्यानांत ठेवावी, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.