जुनें यान, नवे सारथी

लोकांच्या ओठीं बसलेली कथा पुन्हा नव्यानें सांगावयास निघालेल्या माणसाला दोन धनी असतात. एक, ज्याच्या पैशावर ती सांगावयाची तो. आणि दुसरा, ज्यानें ती पूर्वीं ऐकून जिवापाड जतन केली तो. या दोघांचें नेहमीं पटतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथेच्या चित्रपटमालेनें २००९ सालीं नवा अवतार घेतला, त्याच्या इतिहासांत हा तंटा फार स्पष्ट दिसतो. म्हणून तोच विषय आज घेतला आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर सुरू झाली. ‘एंटरप्राइज’ नांवाचें अवकाशयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क, आणि भावनांना लगाम घालून तर्कानें चालणारा, अर्धा मानव व अर्धा व्हल्कन ग्रहवासी असा स्पॉक, हीं तिचीं मुख्य अंगें. दुसऱ्या वर्षीं ती बंद पडणार अशी वदंता उठतांच प्रेक्षकांनीं प्रक्षेपण-कंपनीवर पत्रांचा वर्षाव केला, आणि मार्च १९६८ मध्यें मालिका चालू राहील असें कंपनीस जाहीर करावें लागलें. पुढील वर्षीं, ७९ भागांनंतर, ती थांबलीच. परंतु पुनःप्रक्षेपणामुळें तिची लोकप्रियता उलट वाढली. १९७६ सालीं अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-शटलास ‘एंटरप्राइज’ हें नांव मिळालें, तेंही चाहत्यांच्या पत्रांमुळेंच. १९७९ पासून चित्रपट निघूं लागले. तेव्हां हे प्रेक्षक या कथेवर हक्क सांगतात तो उगाच नव्हे. ती जगविण्यांत त्यांचा हात होता.

२००२ सालचा दहावा चित्रपट पडला. पुढें जे. जे. एब्रम्स या दिग्दर्शकाकडे काम आलें, आणि तरुण नट घेऊन आरंभापासून कथा सांगण्याचें ठरलें. जुनें सारें खोडावें तर चाहते रुष्ट होणार. ठेवावें तर आपले हातपाय बांधले जाणार. लेखकांनीं युक्ति काढली. भविष्यांतून एक शत्रु भूतकाळांत येतो, आणि त्याच्या येण्यानें घटनांच्या प्रवाहास दुसरी शाखा फुटते. जुन्या कथा आपल्या शाखेंत अबाधित राहिल्या, नवी शाखा मोकळी झाली. मूळचे स्पॉक लेनर्ड निमॉय यांनाच वृद्ध स्पॉक म्हणून आणून जणूं वडीलधाऱ्यांचा आशीर्वादही घेतला. तरी व्हल्कन ग्रहाचाच नाश केलेला कित्येकांना सहन झाला नाहीं. उलट, पुढें काय होणार हें आतां कोणासच ठाऊक नाहीं, हीच खरी गोडी, असें इतरांचें म्हणणें पडलें.

दुसरा वाद डोळ्यांचा. दिग्दर्शकानें भिंगावर तीव्र दिवे रोखून पडद्यावर प्रकाशाच्या तिरीपा उमटविल्या. भविष्यकाळाचें तेज चौकटींत मावूं नये, हा त्यांतील हेतु. प्रेक्षकांचे मात्र डोळे दिपले. आणि २०१३ सालीं एब्रम्स यांनीं स्वतःच त्याचा अतिरेक झाल्याचें मान्य केलें. यानाचें इंजिनघर तर कॅलिफोर्नियांतील बिअरच्या एका कारखान्यांत चित्रित केलें होतें. मोठमोठ्या टाक्या व नळ यांनीं यानाला खरेंखुरें आकारमान येतें, हा निर्मात्यांचा विचार. तेविसाव्या शतकांत बिअरच्या टाक्या कशास, हा चाहत्यांचा सवाल.

तिसरा वाद याहून खोल, आणि आपल्याशीं निगडित आहे. १९६७ च्या एका भागांत खान नूनियन सिंग हें पात्र आलें. शास्त्रीय प्रयोगांतून निपजलेला हा अतिमानव उत्तर भारतांतला, बहुधा शीख, असें त्या भागांत सुचविलें आहे. तें काम मेक्सिकोचे नट रिकार्डो मोंटालबान यांनीं केलें, व १९८२ च्या चित्रपटांतही तेच खान झाले. २०१३ च्या चित्रपटांत बेनेडिक्ट कंबरबॅच हे इंग्रज नट आले. आधीं त्यांचें नांव जॉन हॅरिसन म्हणून सांगितलें, तो खान नव्हे अशी ग्वाही दिली, आणि चित्रपटांत तो खानच निघाला. ही लपवाछपवी न करणें बरें झालें असतें, असें पुढें एब्रम्सही म्हणाले. खलनायक भारतीय दाखविला तर नवा कलंक लागेल, ही एक बाजू. बुद्धीनें व बलानें अजोड अशा पुरुषाचें भारतीयत्वच पुसून टाकणें हाही अन्याय, ही दुसरी. मला दुसरी अधिक पटते. दिवे मंद करतां येतात, कारखान्याऐवजी दुसरी जागा शोधतां येते. परंतु पात्राचें कूळ बदललें म्हणजे त्या कथेंत कोणाला स्थान आहे, हेंच बदलतें.

त्याच वर्षीं लास व्हेगास येथील चाहत्यांच्या मेळाव्यांत या चित्रपटास शेवटचा क्रमांक देण्यांत आला. गंमत अशी कीं, जगभरच्या तिकीटविक्रींत मात्र या मालेंतील तोच सर्वांत वरचढ ठरला. एक धनी तृप्त, दुसरा रुष्ट! कोणाचें खरें मानावें?

आपल्याकडे कीर्तनकार तेंच आख्यान नव्या दृष्टांतांनीं रंगवितो, आणि श्रोते माना डोलावितात. पण आख्यानाचा प्राण हरवला तर तेच श्रोते उठून जातात. पत्रें लिहून मालिका वांचविणारे, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर तिच्यासाठीं भांडणारे, हे एकाच जातीचे श्रोते होत. ज्या कथेवर कोणी भांडत नाहीं ती केव्हांच मेलेली असते, हें नव्या सारथ्यांनीं ध्यानांत ठेवावें.