बैठक बदलते, खुर्ची राहते : गोव्यातील वेताच्या खुर्च्या

गोव्यातली जुनी घरं पाहायला गेलो की मी यजमानांना विचारून एखादी खुर्ची उलटी करून बघतो. बैठकीच्या चौकटीला खालून ओळीने भोकं दिसली, तर ती हाताने विणण्यासाठी केलेली खुर्ची. चौकटीत सलग खाच आणि तिच्यात ठोकून बसवलेली पट्टी दिसली, तर जाळी तयार आणलेली. यंत्रावर विणलेली अशी जाळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली.

वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हे गवत, आतून पोकळ. वेत ही माडाच्या कुळातली काटेरी वेल, आतून भरीव. जाळीसाठी लागते ती तिची फक्त चकचकीत साल.

वेताचं आसन आपल्याकडे जुनंच. 'कुमारसंभवा'त हिमालय सप्तर्षींना वेत्रासनांवर बसवतो. पण लाकडी चौकटीला भोकं पाडून त्यांतून जाळी ओवलेली खुर्ची दूरवर पसरली ती समुद्री व्यापारामुळे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. त्यांच्या भाषेतला 'रोता' हा शब्द मलयमधल्या 'रोतान'वरूनच आला. इंग्लंडात या खुर्च्या १६६० नंतर इतक्या खपू लागल्या, की गाद्यांना लागणारं लोकरी कापड विकणाऱ्यांनी संसदेकडे गाऱ्हाणं नेलं. त्यावर खुर्चीवाल्यांचं उत्तर साधं होतं: ही खुर्ची हलकी, टिकाऊ, आणि हिच्यात धूळ नि कसर राहत नाही.

गोव्यात हे वेगळं पटवून द्यायला नको. चार महिन्यांच्या पावसात गादीला बुरशी येते, जाळीतून मात्र वारा खेळतो. म्हणून साग-शिसवीच्या चौकटी आणि वेताच्या बैठका इथे रुळल्या. बाल्कांवात ठेवायची, पाय टाकून पडायला लांब हात असलेली आरामखुर्ची तर 'व्होल्तेर' या नावाने घरचीच झाली.

विणकाम सात टप्प्यांचं. भिजवून मऊ केलेली पट्टी आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी. त्यानंतर दोन्ही बाजूंनी तिरकी, आणि शेवटी भोकं झाकणारी किनार. ओली पट्टी सुकताना आवळते आणि बैठक ताठ होते. सगळं काम मोजण्याचं आणि बोटांनी चाचपण्याचं, म्हणूनच अंधांच्या शाळांमधून खुर्च्या विणायला शिकवत असत.

माझ्या मते या खुर्चीचं खरं शहाणपण त्या भोकांत आहे. बैठक कधीतरी फाटणार, हे धरूनच मेस्ताने चौकट केलेली असते. जुनी जाळी कापून काढायची, भोकं साफ करायची, नवी विणायची. चौकट तीन पिढ्या चालते ती या सोयीमुळे. म्हणून नुसती चौकट जपून वारसा राखला जात नाही. विणणारा हातही राहायला हवा.

आज अडचण तिथेच आहे. कच्चा मालही सहज मिळत नाही. सर्वाधिक वेत पिकवणाऱ्या इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात थांबवली. आपल्या १९२७ च्या वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून २०१७ साली बांबू वगळला गेला, वेत मात्र तिथेच राहिला. मग घरोघरी सोपा उपाय होतो: बैठकीवर प्लायवूड ठोकायचं नाहीतर प्लास्टिकची पट्टी ओढायची. प्लास्टिक निदान काढता येतं. पण प्लायवूडचे खिळे भोकांच्या ओळीत गेले की लाकूड तडकतं, आणि पुढे विणणारा मिळाला तरी त्याला ओवायला जागा उरत नाही.

तुमच्या घरी अशी खुर्ची असेल तर एवढं करा. जाळी सैल झाली असेल तर ती खालून ओल्या फडक्याने भिजवा आणि सावलीत सुकू द्या. वरची चकचकीत बाजू पाणी घेत नाही. जाळी फाटली असेल आणि विणणारा मिळत नसेल, तर खुर्ची तशीच ठेवा. भोकं मात्र बुजवू नका.