किशोरवयीनांची जोखीम ओळखताना

सोळा वर्षे पूर्ण झालेला मुलगा निर्घृण गुन्ह्याच्या आरोपाखाली बाल न्याय मंडळापुढे उभा केला जातो, तेव्हा त्याच्यावर बालक म्हणून कार्यवाही व्हावी की प्रौढाप्रमाणे खटला चालावा, हे ठरविताना मानसशास्त्रज्ञाच्या दोन-चार पानांच्या अहवालाला मोठे वजन येते. मनगटावर ब्लेडच्या खुणा असलेली मुलगी शाळेच्या समुपदेशकापुढे बसते, तेव्हा तिला घरी पाठवावे की त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, हे थोड्या वेळात ठरवावे लागते. दोन्ही प्रसंगी एका कोवळ्या आयुष्याची पुढची वाट एका व्यावसायिकाच्या आकलनावर अवलंबून असते. हे आकलन पदवीबरोबर आपोआप येत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागते.

कायद्याची चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १५ नुसार, सोळा वर्षांवरील बालकावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि कथित कृत्यामागील परिस्थिती हे त्याचे विषय होत. बालकाला मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून तीन महिन्यांत हे काम पुरे व्हावे, अशी तरतूद आहे. हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, असेही कायदा स्पष्ट करतो.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. नियुक्तीपासून साठ दिवसांच्या आत त्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी राज्य शासनावर आहे. तज्ज्ञांचे साहाय्य घेणे कायद्याच्या शब्दांत ऐच्छिक होते. मात्र १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मंडळावर बालमानसशास्त्र वा बालमानसोपचार यांतील पदवीधर व्यावसायिक नसेल, तर असे साहाय्य घेणे बंधनकारक ठरते. त्यानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने या मूल्यांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

क्षमता वेगळी, जोखीम वेगळी

प्रशिक्षणातील पहिला धडा दोन प्रश्नांतील फरकाचा असतो. कलम १५ चा प्रश्न भूतकाळाकडे पाहतो : कृत्याच्या वेळी बालकाला त्याचे परिणाम कळत होते काय? जोखमीचे मूल्यांकन भविष्याकडे पाहते : पुन्हा हिंसा वा आत्महानी घडण्याचा संभव किती, आणि तो कशाने घटेल? बुद्ध्यांक चाचणीतील आकडा यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे पुरे उत्तर देत नाही. हुशार मुलगाही मित्रांच्या गराड्यात, रागाच्या भरात परिणामांचा विचार हरवून बसतो. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहिले गेले, तर अहवाल शास्त्रीय भाषेत असूनही अन्यायाला कारण होऊ शकतो.

मूल्यांकनाची पद्धत

पूर्वी हे काम केवळ अनुभवी माणसाच्या अंदाजावर चाले. पुढे केवळ गुणांची बेरीज करणारी कोष्टके आली. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे संरचित व्यावसायिक निर्णयपद्धती. ‘सॅव्हरी’ हे साधन या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठीच्या या साधनात जोखमीचे २४ आणि संरक्षक असे ६ घटक तपासले जातात. पूर्वीची हिंसा, शाळेतील अपयश, मित्रमंडळी, पालकांची देखरेख, व्यसन यांबरोबरच कोणाशी असलेली घट्ट जवळीक किंवा शिक्षणाची ओढही नोंदवली जाते. बेरजेवरून शिक्का मारला जात नाही. सर्व घटक तोलून जोखीम अल्प, मध्यम की अधिक, हे मूल्यांकनकर्ता कारणांसह ठरवतो.

‘जोखीम अधिक’ एवढे लिहून अहवाल संपत नाही. कोणाला, कशापासून, कोणत्या परिस्थितीत आणि किती काळात, हे सांगणे आवश्यक असते. किशोरवय झपाट्याने बदलते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडले की, समाजविरोधी वर्तन करणाऱ्या बहुसंख्य मुलांचे हे वर्तन किशोरवयापुरतेच मर्यादित असते. म्हणूनच मूल्यांकनाला मुदत असावी लागते आणि ठरावीक काळाने ते पुन्हा करावे लागते.

आत्महानीच्या प्रसंगी शिकण्याची मुख्य गोष्ट म्हणजे थेट विचारणे. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. विचार कधीपासून आहेत, बेत ठरला आहे काय, साधन हाताशी आहे काय, हे शांतपणे विचारावे लागते. त्यानंतर मुलाबरोबर बसून सुरक्षा आराखडा लिहिला जातो : धोक्याची पूर्वचिन्हे, मन सावरण्याचे उपाय, हाक मारता येईल अशी माणसे, आणि घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवण्याची व्यवस्था. गोपनीयतेची मर्यादाही आरंभीच सांगावी लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार ती कळवणे सक्तीचे आहे.

मूल्यांकनातून उपचाराकडे

बाल न्याय कायद्यातील वैयक्तिक काळजी आराखडा मुलाशी विचारविनिमय करून तयार व्हावा, असे या कायद्याखालील नियमांतील व्याख्येतच म्हटले आहे. आरोग्य, भावनिक गरजा, शिक्षण, खेळ, कुटुंबात परतणे व त्यानंतरचा पाठपुरावा, हे सारे त्यात येते. आराखड्यातील प्रत्येक उपाय मूल्यांकनात सापडलेल्या एखाद्या घटकाशी जोडलेला असावा. उदाहरणार्थ, शाळा सुटलेला, दारुड्या वडिलांच्या धाकातला आणि मारामाऱ्या करणारा मुलगा घेतला, तर रागावर ताबा मिळवण्याचे वर्ग एकटे पुरत नाहीत. वडिलांच्या व्यसनावर उपचार, मुलाचा पुन्हा शाळाप्रवेश आणि सायंकाळच्या वेळेसाठी विश्वासू प्रौढाची सोबत, हेही त्यात असावे लागते.

जोखीम अधिक तिथे मदतही अधिक, हे या क्षेत्रातील मान्य तत्त्व आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अल्प जोखमीच्या मुलाला अधिक जोखमीच्या मुलांत ठेवल्यास त्याचे नुकसानच होण्याची शक्यता असते.

प्रशिक्षण कसे असावे

एका दिवसाच्या व्याख्यानाने हे कौशल्य अंगी बाणत नाही. एकाच प्रकरणाची कागदपत्रे सर्व प्रशिक्षणार्थींना देऊन प्रत्येकाने स्वतंत्र मूल्यांकन करावे आणि मग मतभेदांवर चर्चा व्हावी, ही रीत उपयुक्त ठरते. पुढे काही प्रकरणे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली हाताळावी लागतात. बेंगळुरू येथील ‘निम्हान्स’मध्ये २०२० मध्ये सुरू झालेला ‘संवाद’ हा राष्ट्रीय उपक्रम कठीण परिस्थितीतील बालकांसाठी काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो.

गोव्यात याची बीजे आहेत. २००३ चा गोवा बालक कायदा आणि त्याखालील बाल न्यायालय, मेरशीचे ‘अपना घर’ आणि बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे दुवे राज्यात उपलब्ध आहेत. ‘संगत’ संस्थेच्या सहभागाने गोव्यातील आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षण व देखरेख लाभलेले सामान्य समुपदेशक प्रौढांच्या नैराश्यावर प्रभावी मदत करू शकतात, असे सरकारी केंद्रांत दिसून आले. किशोरांच्या बाबतीत अंतिम निर्णय तज्ज्ञांचाच असावा. पण पहिली खूण ओळखणारे शिक्षक, परिवीक्षा अधिकारी व गृहपाल यांना तयार करण्यासाठी हा अनुभव मार्गदर्शक आहे. येथे मुलाखत कोकणी, मराठी, हिंदी किंवा कन्नड, यांपैकी मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेत व्हायला हवी. परदेशी साधनांतील प्रश्नांचे केवळ भाषांतर त्यासाठी पुरेसे नाही.

संकटातील मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.