खांद्यावरची पेटी

पेटीवाल्याच्या उजव्या हाताचे आपण पुष्कळ कौतुक केले. त्याच्या डाव्या हाताकडे मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही. तो हात भाता हलवतो, आणि त्या एका कामापायी वादक जन्मभर बसून राहतो. नारदीय कीर्तनात बुवा उभे असतात, झांजा वाजवतात, चार पावले पुढे येतात. पेटीवाला आणि तबलजी मागे बसलेले असतात. समर्थांचे जन्मगाव असलेल्या जांबेपासून भोकरदनच्या टोकापर्यंत आमच्या जालना जिल्ह्यात मी हेच पाहत आलो. म्हणून ऑर्केस्ट्रातली पोरे हल्ली खांद्याला पट्टा लावून गळ्यात कीबोर्ड अडकवू पाहतात, तेव्हा त्याला नुसती फॅशन म्हणून सोडून देता येत नाही. इंग्रजीत या वाद्याला कीटार म्हणतात. तो बसलेल्या माणसाने उभे राहण्याचा प्रयत्न आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे.

हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर देबें यांनी १८४२ मध्ये घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचे होते. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जमिनीवर आणले. भाता पाठीमागे गेला, पाय मोकळे झाले आणि मांडी घालून वाजवता येऊ लागले. आपल्या बैठकीला ते सोयीचे पडले, पण त्याची किंमत डाव्या हाताने मोजली. सुरांचे सगळे काम एकट्या उजव्या हातावर आले. तरीही गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी त्या एका हाताच्या बळावर पेटीला साथीपलीकडची प्रतिष्ठा मिळवून दिली.

पेटीचे खरे उणे वेगळेच होते. पट्टी दाबली की सूर लागतो, सोडली की थांबतो. दोन सुरांच्या मधली वाट तिला चालता येत नाही. मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, या आक्षेपांवरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तीस वर्षे जिला रेडिओवर जागा नव्हती, तिच्यावाचून गावातले एकही भजन मात्र अडले नाही, असे कधी झाले नाही.

खांद्यावरचे वाद्य आपल्याला परके नाही. सप्ताहात विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. दिंडीतला पखवाज गळ्यात असतो, गोंधळ्याचे संबळ कमरेला असते. पट्ट्यांचे वाद्य घेऊन उभे राहण्याची वाट आधी अकॉर्डियनने दाखवली. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ते घराघरांत पोहोचवले. पण अकॉर्डियनचाही डावा हात भात्याला बांधलेलाच असतो. मग वरातीतला बेंजो आला. त्याचे मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारा छेडायच्या. आपल्याकडे तो बुलबुलतरंग झाला, पुढे पिकअप आणि भोंगे जोडून मिरवणुकीत हातगाडीवर आणि गळ्यात गेला.

त्याच वरातीत आणखी एका वाद्याचा आवाज आजही घुमतो. 'नागिन' (१९५४) या चित्रपटासाठी हेमंतकुमार यांच्याकडे कल्याणजींनी क्लाव्हिओलिन हे विजेवर चालणारे छोटे कळवाद्य वाजवले आणि त्यातून गारुड्याची पुंगी निघाली. पट्टीच्या वाद्यातून पट्टी नसलेल्या वाद्याचा आवाज काढता येतो, हे देशाला तेव्हा कळले. ती पुंगी ऐकून रुमाल तोंडात धरून नाचणाऱ्यांना त्यामागे पट्ट्या आहेत हे ठाऊकही नसते.

विजेमुळे भाता गेला आणि डावा हात रिकामा झाला. आता त्याला काय काम द्यायचे, हा प्रश्न होता. व्हिएन्नात १७९५ च्या सुमारास कार्ल लिओपोल्ड रोलिग यांनी ऑर्फिका नावाचा खांद्याला अडकवायचा चिमुकला पियानो काढला होता, पण तो उत्सुकतेचाच विषय राहिला. खरे उत्तर १९८० मध्ये मूग कंपनीच्या लिबरेशनने दिले. गिटारसारखी मान काढून तिच्यावर डाव्या हातासाठी एक पट्टी बसवली. तिच्यावरून बोट सरकवले की सूर वाकतो. वजन सहा किलोंहून अधिक होते. १९८२ च्या रोलँड एसएच-१०१ ला अशी मूठ वेगळी जोडता येई. १९८४ मध्ये कोर्गचे आरके-१०० आले. त्याला स्वतःचा आवाजच नव्हता, ते दुसऱ्या यंत्राला तारेने हुकूम देई. हे शक्य झाले ते १९८३ च्या मिडी या सर्वमान्य भाषेमुळे. १९८७ ची यामाहा एसएचएस-१० बारीक पट्ट्यांची, सहा पेन्सिल सेलवर चालणारी होती. कंपनी कोणतीही असो, डाव्या हाताला मिळालेले मुख्य काम तेच: सूर वाकवणे. १९४० मध्ये ज्या मींडेसाठी पेटी नाकारली गेली, ती मींड डावा हात भात्यातून सुटल्यावर पट्टीच्या वाद्यात आली. परदेशात हे गिटारवाल्यांशी बरोबरी करण्यासाठी घडले. आपल्या कानाला त्याचा अर्थ निराळा लागतो.

अंबड तालुक्यातला एक तरुण वादक गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. लगीनसराईतले पैसे साठवलेले, आणि त्याला खांद्यावरचा कीबोर्ड घ्यायचा होता. डीजेमुळे सुपाऱ्या कमी झाल्या. जो दिसतो त्यालाच बोलावणे येते, असे त्याचे म्हणणे. वडील तीस वर्षे कीर्तनाची साथ करतात, पण पंचक्रोशीत लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत नाहीत. हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही, पण बोलला. मी विक्रेता नाही. जुने कॅटलॉग आणि वाद्यांच्या पुस्तिका जमवणारा माणूस. तरी त्याच्याबरोबर चार दिवस बसलो.

पहिला प्रश्न आवाजाचा. रोलँडच्या एएक्स-सिंथ (२००९) आणि एएक्स-एज (२०१८) यांच्या पोटात आवाज आहेत, ४९ पट्ट्या आहेत आणि वजन चार किलोंच्या आसपास आहे. यामाहाची एसएचएस-५०० (२०१९) हलकी, सुमारे दीड किलोची आहे, पण पट्ट्या ३७ आणि बारीक. पेटीवर वाढलेल्या बोटांना त्या अडचणीच्या होतात. अलेसिसच्या व्होर्टेक्ससारख्या वाद्याला स्वतःचा आवाज नाही; मागे ठेवलेला कीबोर्ड त्याच्याकडून वाजवून घ्यायचा. या मुलाच्या जुन्या कीबोर्डात बासरी, शहनाई, सारंगीचे आवाज त्याने वर्षानुवर्षे जुळवून ठेवले होते. ते सोडून देणे म्हणजे घडवलेला गळा टाकून देणे.

दुसरा प्रश्न विजेचा. मंडपातला जनरेटर कधी दम टाकतो. सेलवर चालणारे वाद्य अशा वेळी बंद पडत नाही, मात्र आवाज मागच्या यंत्रातून येत असेल तर त्या यंत्राचीही सोय पाहावी लागते. तिसरा प्रश्न वजनाचा. भीमगीतांचा किंवा नवरात्रातला कार्यक्रम तीन-चार तास चालतो. दुकानात हलके वाटलेले चार किलो मध्यरात्री खांद्याला वेगळे लागतात.

शेवटचा प्रश्न डाव्या हाताचा, आणि तो दुकानात कुणी विचारत नाही. बहुतेक यंत्रांत सूर वाकवण्याची मर्यादा आधीपासून दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते, म्हणजे षड्जावरून फार तर शुद्ध रिषभापर्यंत. ती वाढवता येते, पण वाढवली की बोटाच्या जराशा हालचालीने सूर फार पळतो. शिवाय सगळा आवाज एकदम वाकतो. दोन पट्ट्या दाबलेल्या असतील तर दोन्ही सरकतात. म्हणून मींड घेताना एकच सूर धरायचा. गायकाच्या साथीला हे अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि तेवढे महिने रियाज करायची तयारी नसेल तर मान असलेल्या वाद्याचे पैसे वाया जातात.

त्याने शेवटी आवाज नसलेले, जुने, वापरलेले वाद्य घेतले आणि उरलेल्या पैशांत चांगली लांब तार. तीन महिने तो फक्त एका सुरावरून दुसऱ्यावर जाणे घोटत होता. नवरात्रात गावच्या मंडपात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा वडील समोर सतरंजीवर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ते वाद्य मांडीवर आडवे घेतले, उजव्या हाताने सा धरला आणि सवयीने डावा हात भाता शोधायला मागे गेला. मुलाने तो हात धरून मानेवरच्या पट्टीवर ठेवला.