फडाचं पाणी

माझं आजोळ बागलाणातलं, मोसम नदीच्या काठचं. मे महिन्याच्या सुट्टीत मामा मला फडावर न्यायचे. फड म्हटल्यावर तुम्हाला तमाशाचा फड आठवेल. हा फड पाण्याचा.

मोसम, आरम आणि पलीकडे धुळ्याकडची पांझरा या नद्यांवर गावकऱ्यांनी दगडी बंधारे घातले, त्याला तीनशे-चारशे वर्षं तरी झाली. बंधाऱ्यातून पाट निघे. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कोणतं ते हंगामाआधी बैठकीत ठरे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या आणि या सगळ्यांवर हवालदार. त्यांचा मोबदला धान्यात. शेत तुमचं असलं तरी दारं धरायला तुम्ही जायचं नाही, ते काम पाटकऱ्याचं! भांडणं निम्मी तिथेच मिटत.

खरी मेख पुढेच आहे. प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाऊस दगा देई त्या वर्षी एखाद्याच फडाला पाणी पुरे. पण त्या फडात सगळ्यांचीच पट्टी असल्यामुळे पिकलं तर सगळ्यांचं थोडं पिके, आणि बुडालं तर सगळ्यांचं सारखंच बुडे. फडाबाहेर ज्याची जमीन, त्याला मात्र या पाण्यात वाटा नव्हता, हेही सांगायला हवं.

विखुरलेल्या पट्ट्या हा शेतीचा दोष, असं शिकलेली माणसं म्हणत आली. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा आणि जमीन एकत्रीकरणाचा कायदा झाला, तोही याच विचारातून. तुकडे म्हणजे नुकसान, हे इतर ठिकाणी खरंही असेल. फडात मात्र तो दुष्काळाचा विमा होता.

पुढे विहिरी वाढल्या, विजेचे पंप आले, मोसमवर वरच्या अंगाला हरणबारीचं धरण झालं. ज्याच्या विहिरीला पाणी, तो आपल्या मनाचं पीक घेऊ लागला. कांदा आला, डाळिंब आलं. मामांनीही विहीर खणली. मी त्यांना दोष देत नाही. डाळिंबानंच त्यांचं पक्कं घर बांधलं.

मामेभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा येण्याजाण्याची सोय म्हणून त्यांनी शेजाऱ्यांशी पट्ट्यांची अदलाबदल केली आणि जमीन एका जागी करून घेतली. धाकट्याच्या वाट्याला पाटाच्या शेपटाकडचा तुकडा आला. उन्हाळ्यात तो आता टँकर मागवतो.