सर्वात सुंदर विमानं कोणती? माझी निवड आणि त्यामागचं इंजिनिअरिंग

मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकिंगचं अ‍ॅप वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात आलीच असेल. एअरबस असो की बोईंग, बहुतेक विमानं सारखीच दिसतात: लांब नळी, दोन पंख, पंखांखाली दोन इंजिनं. नाव झाकलं तर मलाही ओळखायला वेळ लागतो. पूर्वी असं नव्हतं.

माझ्या यादीत पहिला नंबर लॉकहीड कॉन्स्टेलेशनचा. १९४३ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, चार प्रोपेलरचं हे प्रवासी विमान बाजूने पाहिलं तर डॉल्फिनसारखं बाकदार दिसतं. पण हा बाक शोभेसाठी नव्हता! प्रोपेलर मोठे होते. ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच उभं राहायला हवं होतं, आणि मग पुढच्या चाकाचा दांडाही फार लांब करावा लागला असता. म्हणून नाकच थोडं खाली झुकवलं. एकच उंच शेपूट दिलं असतं तर विमान त्या काळच्या हँगरमध्ये शिरलं नसतं, म्हणून तीन बुटकी शेपटं दिली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली ती याच विमानाने. त्याचं नाव होतं 'मलबार प्रिन्सेस'.

मग असं डिझाइन टिकलं का नाही? कारण बाकदार शरीरात जवळपास प्रत्येक कडं वेगळ्या मापाचं लागतं. बनवायला महाग, बदलायला कटकट. सरळ नळीचं तसं नाही. जागा वाढवायच्या? पंखाच्या पुढे-मागे एकेक तुकडा जोडा. एअरबस ए३२० चं ए३२१ असंच झालं, सुमारे ७ मीटर जास्त लांब. खुद्द लॉकहीडनेही पुढे सुपर कॉन्स्टेलेशनमध्ये सरळ तुकडे घालून लांबी वाढवली. माझ्या मते तिथेच तिचं रूप थोडं बिघडलं.

ब्रिटनचं स्पिटफायर (१९३६) या यादीत नसेल तर भांडण होईल. पानासारखे लंबगोल पंख ही त्याची ओळख. पंख पातळ हवा, पण आत मशीनगन आणि चाकंही मावली पाहिजेत. या ओढाताणीतून तो आकार आला. बनवायला मात्र डोकेदुखी.

आणि कॉन्कॉर्ड. आवाजाच्या दुप्पट वेग, लंडन-न्यूयॉर्क साधारण साडेतीन तासांत. त्या वेगासाठी पंख अरुंद आणि मागे वळलेला हवा, पण असा पंख कमी वेगात विमान नीट उचलून धरत नाही. उपाय म्हणजे नाक वर करून उतरायचं. तसं केलं की पंखाच्या कडेवरून हवेचे भोवरे सुटतात आणि तेच विमानाला वर धरतात. पण नाक वर असताना पायलटला धावपट्टी दिसणार कशी? म्हणून नाकाचं टोक खाली झुकणारं केलं!

एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी ऑप्शन घेतलं होतं, पण ती कधी आलीच नाहीत. इंधन प्रचंड, प्रवासी शंभरच्या आसपास. २००० मध्ये पॅरिसजवळ भीषण अपघात झाला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये प्रवासी सेवा कायमची थांबली.

यूट्यूबवर कॉन्कॉर्डच्या लँडिंगचा व्हिडिओ शोधा, बाजूने घेतलेला. मागची चाकं टेकल्यावरही नाक किती वेळ हवेत राहतं ते बघा.