वाहन-ते-ग्रिड आणि ग्राहकांचा दृष्टिकोन

वाहन-ते-ग्रिड किंवा व्ही-टू-जी ही विद्युत मोटारीच्या बॅटरीत साठवलेली वीज मागणीच्या वेळी वीज वितरण जाळ्यात परत देण्याची पद्धत आहे. ही संकल्पना विलेट केम्प्टन व स्टीव्हन लेटेंड्रे या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये मांडली. तिच्यासाठी दोन्ही दिशांनी वीज वाहू देणारा चार्जर, तशी नोंद घेणारा मीटर आणि मोटारमालकाची संमती आवश्यक असते.

स्थानिक संदर्भ

महाराष्ट्रात सायंकाळची वाढीव मागणी भागवण्यात १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाचा मोठा वाटा आहे. व्ही-टू-जीमध्ये असेच काम घरोघरच्या बॅटऱ्यांमध्ये विभागले जाते. मात्र बॅटरीतील वीज मालकाला प्रवासासाठीही हवी असते. सातारा जिल्ह्यातील लोणंदसारख्या गावातून रात्री अचानक पुण्याला जावे लागल्यास बॅटरी रिकामी असणे परवडत नाही.

ग्राहकांच्या शंका

अपुरा चार्ज, बॅटरीची झीज, वॉरंटीच्या अटी आणि मोबदल्याची अनिश्चितता या प्रमुख शंका आहेत. जॉर्ज पार्सन्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, मोटार रोज ठरावीक तास जोडून ठेवण्याची अट ग्राहकांना जाचक वाटत असल्याचे दिसले. अशा करारांऐवजी वापरानुसार मोबदला किंवा खरेदीच्या वेळी रोख सवलत अधिक आकर्षक ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मोबदला

छतावरील सौरऊर्जेच्या नेट मीटरिंगमुळे वीज परत देण्याची कल्पना महाराष्ट्रात परिचित आहे. तेथे घरगुती वापरानंतर उरलेली वीज दिली जाते. मोटारीतील वीज मात्र बहुधा विकत घेतलेली असते. उदाहरणार्थ, ७ रुपये दराने १० युनिट साठवून १० टक्के घट धरल्यास ९ युनिट परत देता येतात. केवळ खर्च भरून निघण्यासाठी प्रतियुनिट सुमारे ७.७८ रुपये मिळावे लागतात. बॅटरीच्या झिजेची भरपाई त्याहून वेगळी. त्यामुळे दिवसा स्वस्त व सायंकाळी महाग अशा दररचनेवर ग्राहकाचा लाभ अवलंबून असतो.

विश्वासाचा प्रश्न

२०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरना महाराष्ट्रात विरोध झाला. त्यानंतर सामान्य ग्राहकांकडे ते बसवले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जाहीर केले. व्ही-टू-जीमध्ये मीटरसोबत बॅटरीवरील नियंत्रणाचाही काही भाग वितरण यंत्रणेकडे जातो. म्हणून बॅटरीतील किमान चार्ज स्वतः ठरवण्याचा आणि केव्हाही माघार घेण्याचा अधिकार ग्राहकाच्या संमतीसाठी महत्त्वाचा ठरतो.